'डेटा, प्रक्रिया, माहिती' या आकृतीतल्या मधल्या चौकटीत नेमके काय घडते?

मधली_चौकट (प्रश्न)

संगणकाच्या जवळपास प्रत्येक प्राथमिक पाठ्यपुस्तकात एक आकृती असते. डावीकडे 'डेटा', मध्ये 'प्रक्रिया', उजवीकडे 'माहिती' आणि त्यांना जोडणारे दोन बाण. व्याख्याही ठरलेल्या आहेत: डेटा म्हणजे असंस्कारित तथ्ये आणि माहिती म्हणजे त्यांच्यावर प्रक्रिया करून मिळालेला अर्थपूर्ण निष्कर्ष. परीक्षेपुरते हे भागते, परंतु मधली चौकट उघडून आत काय आहे हे दाखवलेले मला कुठे आढळले नाही.

माझी अडचण अशी आहे. संगणकाच्या मेमरीत सुरुवातीलाही शून्य आणि एकच असतात आणि शेवटीही तेच असतात. प्रक्रियेपूर्वीचे बिट आणि प्रक्रियेनंतरचे बिट शेजारी ठेवले तर कोणते 'कच्चे' आणि कोणते 'अर्थपूर्ण' हे सांगता येणार नाही. मग अर्थ नेमका कोणत्या टप्प्यावर येतो? बेरीज केली, क्रम लावला, सरासरी काढली की डेटाची माहिती झाली, असे मानायचे का? तसे असेल तर दूरध्वनी क्रमांकांचीही सरासरी काढता येते आणि संगणक ती विनातक्रार काढून देतो. जे उत्तर निघेल त्याला माहिती म्हणावे का? कृपया व्याख्या न देता एखाद्या उदाहरणाची पूर्ण साखळी उलगडून दाखवावी.

मोजपट्टी

आपला प्रश्न रास्त आहे. त्या चौकटीत स्वभावाने अगदी निरनिराळी अशी कित्येक कामे एकत्र कोंबलेली असतात, म्हणून ती बाहेरून गूढ वाटते. लस साठवण्याच्या शीतपेटीचे तापमान नोंदवणारे एक साधे उपकरण घेऊ आणि तेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस या पट्ट्यात ठेवाव्या लागतात, त्यामुळे कोणती माहिती उपयुक्त ठरेल हे इथे आधीपासून स्पष्ट आहे: तापमान मर्यादेबाहेर गेले होते का, केव्हा, आणि सलग किती वेळ.

शीतपेटीत एलएम३५ हा सेन्सर बसवला आहे असे समजा. तो तापमानाच्या प्रत्येक अंशामागे १० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब देतो. दाब ही सलग बदलणारी राशी आहे आणि संगणकाला ती तशीच्या तशी साठवता येत नाही, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. १० बिटांचा कन्व्हर्टर ० ते ५ व्होल्ट या पट्ट्याचे १,०२४ समान भाग पाडतो आणि आत्ताचा दाब त्यांपैकी कोणत्या भागात पडतो त्याचा क्रमांक, म्हणजे ० ते १,०२३ यांपैकी एक संख्या, पुढे पाठवतो. समजा १६ आला. आपण ज्याला कच्चा डेटा म्हणतो तो हाच. या १६ मध्ये तापमानाचा मागमूसही नाही. हीच संख्या एखाद्या छायाचित्राच्या फाइलमध्ये असती तर ती जवळपास काळा ठिपका ठरली असती, आणि अक्षरांना क्रमांक नेमून देणाऱ्या आस्की संकेतातल्या मजकुरात असती तर पडद्यावर न उमटणारे एक नियंत्रणचिन्ह.

१६ ला ५ ने गुणून १,०२४ ने भागले की सुमारे ०.०७८ व्होल्ट मिळतात, म्हणजेच ७.८ अंश. हा हिशेब संगणकाने केला खरा, परंतु ५ व्होल्ट, १,०२४ भाग आणि अंशामागे १० मिलिव्होल्ट ही तीन परिमाणे कोणीतरी उपकरणांच्या तांत्रिक माहितीपत्रकातून उचलून प्रोग्राममध्ये लिहिलेली असतात. आपण ज्या अर्थाचा शोध घेत आहात त्याचा पहिला भाग इथे, आणि तोही बाहेरून, दाखल झाला. जाता जाता हेही पाहा की १६ नंतरची संख्या १७ आहे आणि तिचे तापमान होते ८.३ अंश. या दोहोंच्या मध्ये काहीच नाही. उपकरणाची एक पायरी जवळपास अर्ध्या अंशाची आहे आणि ८ अंशांची मर्यादा नेमकी दोन पायऱ्यांच्या दरम्यान पडते. पडद्यावर ७.८१२५ असे चार दशांश स्थळांपर्यंतचे उत्तर झळकले, तरी ती सूक्ष्मता भागाकारातून आलेली असते, मोजमापात ती नव्हतीच.

पुढचा टप्पा वेळेचा. ७.८ अंश हे तापमान केव्हाचे आणि कोणत्या पेटीचे, हे सोबत नसेल तर त्या संख्येचा काही उपयोग नाही. वेळ बहुधा १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, लोटलेल्या सेकंदांच्या रूपाने साठवली जाते. पेटीचा क्रमांक, वेळ आणि तापमान असे तीन रकाने मिळून एक नोंद होते. दर मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाला १,४४० आणि ३० दिवसांत ४३,२०० नोंदी जमतात. त्या तक्त्यात कशा मांडायच्या आणि हव्या तशा कशा काढून घ्यायच्या, याची शिस्त संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपातून आली. अनुक्रमणिका तयार असेल तर दहा लाख नोंदींतून हवी ती नोंद शोधायला साधारण वीस तुलना पुरतात. वेगाच्या दृष्टीने हा भाग फार मोलाचा आहे, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो गौण आहे, कारण इथे अर्थात काही भर पडत नाही.

खरी परीक्षा सारांश काढताना होते. समजा दिवसभर तापमान ५ अंश होते आणि मध्येच अर्धा तास ते १५ अंशांवर जाऊन परत आले. त्या दिवसाची सरासरी निघते ५.२ अंश. गणित अचूक आहे, उत्तर मर्यादेत बसते आणि ज्यासाठी उपकरण लावले तीच गोष्ट त्यात बुडून जाते. याउलट '८ अंशांच्या वर सलग सर्वाधिक किती मिनिटे' हा प्रश्न त्याच १,४४० नोंदींना विचारला तर उत्तर मिळते ३०, आणि त्यावर निर्णय घेता येतो. दोन्ही वेळा प्रक्रिया झाली आणि दोन्ही वेळा एक संख्या हाती आली. दुसरी संख्या माहिती ठरते ती केवळ ती काढताना लशीचे काय बिघडते याचे ज्ञान वापरले गेले म्हणून. औषधसाठवणुकीच्या क्षेत्रात साध्या सरासरीऐवजी चढ्या तापमानाला अधिक वजन देणारी एक वेगळी सरासरी वापरतात, कारण उष्णता वाढते तशी रासायनिक विघटनाची गती सरळ रेषेत न वाढता झपाट्याने वाढते. ते सूत्रही संगणकाला रसायनशास्त्रानेच पुरवलेले आहे.

तक्त्यांची_देखभाल

मोजपट्टी यांनी साखळी चांगली दाखवली आहे, परंतु त्यांच्या वर्णनात प्रत्येक नोंद व्यवस्थित येऊन पोहोचते. प्रत्यक्षात बराचसा वेळ आणि बहुतेक घोटाळे नोंद येणे आणि सारांश काढणे यांच्या दरम्यान असतात, आणि त्या टप्प्याला पुस्तकात सहसा एक वाक्यही मिळत नाही.

आधी दूरध्वनी क्रमांकाविषयी. तो अंकांनी लिहितात म्हणून संख्या वाटतो, पण तो आहे ओळखचिन्ह. त्याची दुसऱ्या क्रमांकाशी समानता तपासता येते. त्यांपैकी मोठा कोणता या प्रश्नाला अर्थ नाही आणि सरासरीला तर नाहीच. म्हणून काळजीपूर्वक बनवलेल्या तक्त्यात तो रकाना मजकूर म्हणून घोषित करतात. तसे केले नाही तर सुरुवातीचे शून्य गळून पडते आणि क्रमांकच बदलतो. रकान्याचा प्रकार ठरवणे हे वरवर कारकुनी वाटणारे काम असले, तरी 'यावर कोणत्या क्रिया अर्थपूर्ण आहेत' ही गोष्ट संगणकाला तिथेच कळवली जाते.

हा निर्णय माणसाने न घेता सॉफ्टवेअरवर सोडला तर काय होते, याचे उदाहरण जनुकशास्त्रात घडले आहे. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती, जसे की मार्च१ किंवा सेप्ट२. एक्सेल हे सॉफ्टवेअर ती नावे तारखा समजून परस्पर बदलत असे, आणि अशा बिघडलेल्या याद्या प्रकाशित शोधनिबंधांच्या सोबतही गेल्या. अखेरीस २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी, हे मला आजही विचित्र वाटते, परंतु व्यवहाराच्या दृष्टीने तोच मार्ग सोपा होता हेही नाकारता येत नाही.

दुसरा धोका, काहीही न सांगता गळून पडणाऱ्या नोंदींचा. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमधील कोविडबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनंदिन आकडेवारीत आल्याच नाहीत, कारण प्रयोगशाळांकडून आलेला डेटा स्प्रेडशीटच्या एका जुन्या फाइल-प्रकारात भरला जात होता आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावतच नाहीत. उरलेल्या नोंदींवरची बेरीज बिनचूकच होती. त्यामुळे किती नोंदी आत गेल्या आणि किती बाहेर आल्या, हे प्रत्येक टप्प्यावर मोजून ताडून पाहणे, ही या कामातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी सवय आहे.

तिसरा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण तो प्रश्नाच्या गाभ्याशी जातो. सेन्सर बंद पडला आणि नोंद आलीच नाही, तर तिथे काय लिहायचे? शून्य लिहिले तर शीतपेटी गोठली असा अर्थ होईल. जुन्या प्रणालींत अशा ठिकाणी उणे ९९९ सारखी अशक्य संख्या लिहीत, आणि ती खूण विसरून कोणी सरासरी काढली की सगळा हिशेब कोसळे. रिकामी जागा ही 'रिकामी' म्हणूनच साठवायला हवी. तशीच अडचण अविश्वसनीय वाटणाऱ्या नोंदींची. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या शास्त्रज्ञांनी जमिनीवरील उपकरणांच्या आधारे अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट जाहीर केली. निंबस-७ या उपग्रहावरून त्याच काळात मोजमापे येत होती, पण तिथल्या प्रक्रियेत १८० डॉबसन एककांखालील (डॉबसन हे ओझोनचे प्रमाण मोजण्याचे एकक) मूल्यांवर 'संशयास्पद' अशी खूण होत असे, कारण इतके कमी मूल्य त्याआधी कधी पाहिलेलेच नव्हते. संगणकाने ते आकडे फेकून दिले, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. ती बरोबर नाही. मूळ नोंदी जपलेल्या होत्या, म्हणूनच त्या पुन्हा तपासून घट संपूर्ण खंडाएवढ्या प्रदेशावर पसरली आहे हे नकाशावर दाखवता आले. शुद्धीकरणाचा नियम म्हणजे जग कसे असेल याविषयी आपण आधीच बांधलेला अंदाज असतो, आणि खरोखर नवी घटना त्या नियमाला चुकीसारखीच दिसते.

मधली_चौकट

दोघांचेही आभार. यावरून मला असे समजले की एकक, रकान्याचा प्रकार, मर्यादा आणि विचारलेला प्रश्न हे सगळे माणूस बाहेरून पुरवतो, आणि संगणक ते नियम न थकता लाखो नोंदींना लावतो. हे मान्य केले तरी एक शंका उरते. मशीन लर्निंगमध्ये तर नियम कोणी लिहून देत नाही. डेटा दिला की यंत्र स्वतःच नियम शोधते, असे सांगितले जाते. मग तिथे अर्थ डेटामधूनच निघाला असे म्हणावे लागेल का?

गट_आणि_गोळाबेरीज

नियम लिहून दिला जात नाही हे खरे आहे, परंतु त्याच्या जागी दुसरे काही दिले जाते. हस्तलिखित अंक ओळखण्याचा एमनिस्ट नावाचा प्रसिद्ध डेटासंच पाहा. त्यात शिकवण्यासाठी ६०,००० आणि तपासणीसाठी १०,००० चित्रे आहेत. प्रत्येक चित्र २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ ठिपक्यांच्या उजळपणाच्या संख्या. प्रत्येक चित्राला तो अंक कोणता आहे याचे लेबल जोडलेले आहे आणि त्या लेबलांमागे माणसाचे वाचन आहे. शिकण्याच्या प्रक्रियेत यंत्र आपल्या आतल्या हजारो गुणांकांत थोडाथोडा बदल करत जाते, जेणेकरून त्याचे उत्तर आणि लेबल यांतील तफावत कमी होईल. ती तफावत कशी मोजायची हेही माणूसच ठरवतो. शेवटी प्रत्येक चित्रासाठी दहा संख्या बाहेर पडतात आणि त्यांतली सर्वांत मोठी ज्या जागी असेल तो अंक उत्तर मानला जातो. अशा यंत्राला अंकाऐवजी एखादे अक्षर दाखवले तरी ते कोणता ना कोणता अंकच सांगेल, आणि कधीकधी मोठ्या खात्रीने सांगेल, कारण 'यांपैकी काही नाही' हा पर्याय त्याला कोणी दिलेलाच नव्हता. म्हणजे अर्थ इथेही बाहेरून येतो, फक्त तो नियमांऐवजी उदाहरणांच्या रूपाने येतो. लेबल नसलेल्या डेटामधून आपोआप गट पाडणाऱ्या पद्धतीही आहेत. तिथे कोणत्या गोष्टी एकमेकींच्या 'जवळ' मानायच्या हे मोजण्याचे माप आधी निवडावे लागते, आणि माप बदलले की गट बदलतात.

गटांचा विषय निघालाच आहे, म्हणून एक उदाहरण देतो. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. एकत्रित आकड्यांवरून पक्षपात उघड दिसत होता. विभागवार मांडणी केली तेव्हा मात्र बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध असा कल आढळला नाही. स्त्रियांचे अर्ज ज्या विभागांत अधिक होते तिथे सर्वांनाच प्रवेश मिळणे कठीण होते. नोंदी त्याच होत्या, टक्केवारीही दोन्हीकडे अचूक होती. कोणत्या रकान्यानुसार गट पाडायचे, हा प्रश्न डेटा स्वतः कधीच सोडवत नाही. आणि विभागवार मांडणीने सगळे मिटले असेही नाही: स्त्रिया त्या विभागांकडे का वळत होत्या, हे विचारायचे तर वेगळाच डेटा लागतो.

शॅननचा_वाचक

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, जी पाठ्यपुस्तकातल्या त्या आकृतीच्या जवळजवळ उलट आहे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजण्याचे गणित मांडले आणि त्या गणितात अर्थाला मुद्दामच स्थान दिले नाही. तिथे माहिती म्हणजे एखादा संदेश मिळाल्याने किती अनिश्चितता कमी झाली याचे बिटांमधले माप. त्या मापाने पाहिले तर प्रक्रियेमुळे मूळ घटनेविषयीची माहिती कधीही वाढत नाही. ती फार तर तेवढीच राहते, बहुधा घटते. नोंदींचा क्रम लावला की त्या कोणत्या क्रमाने आल्या होत्या हे हरवते. सरासरी काढली की चढउतार हरवतात. शीतपेटीच्या ४३,२०० नोंदींमधून शेवटी 'लस वापरावी की नाही' एवढेच उरते, म्हणजे अवघा एक बिट.

म्हणून 'प्रक्रियेने अर्थ मिळवला जातो' असे म्हणण्यापेक्षा, विचारलेल्या प्रश्नाला जे लागत नाही ते प्रक्रियेने वगळले जाते, असे म्हणणे मला अधिक नेमके वाटते. मोजपट्टी यांच्या उदाहरणातली सरासरी निरुपयोगी ठरली ती नेमके हवे तेच वगळले गेल्यामुळे. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये रचलेले चार छोटे डेटासंच या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांची सरासरी, विचरण (संख्या किती पसरल्या आहेत याचे माप) आणि सहसंबंध (दोन राशी किती एकत्र बदलतात याचे माप) जवळजवळ सारखेच. पण आलेख काढले तर एकात विखुरलेली रेषा, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने वाकडी केलेली सरळ रेषा आणि चौथ्यात एका दूरच्या बिंदूखेरीज सगळे एकाच उभ्या ओळीत. सारांशाच्या आकड्यांवरून त्यांच्यात फरक करता येत नाही.

मधली_चौकट

हे फारच उद्बोधक आहे. एक शेवटचा व्यावहारिक प्रश्न: प्रत्येक टप्प्यावर काहीतरी वगळले जाणारच असेल, तर कच्च्या नोंदी कायम जपून ठेवाव्यात का? ७.८ अंश साठवल्यावर तो १६ ठेवण्यात काही अर्थ आहे का?

मोजपट्टी

सगळेच कायम ठेवणे नेहमी शक्य नसते, विशेषतः चलच्चित्रे किंवा अतिवेगवान मोजमापे असतील तेव्हा. आणि व्यक्तींविषयीचा डेटा असेल तर तो गरज संपल्यावर नष्ट करणे हेच योग्य ठरू शकते. आपल्या शीतपेटीच्या बाबतीत मात्र १६ जरूर ठेवावा, आणि त्यासोबत तो कोणत्या सूत्राने अंशांत बदलला हेही लिहून ठेवावे. कन्व्हर्टरचा संदर्भदाब, म्हणजे तो ज्या पट्ट्याचे भाग पाडतो त्याची वरची मर्यादा, ५ व्होल्ट आहे असे आपण गृहीत धरले होते. तपासणीत तो प्रत्यक्षात ४.८ व्होल्ट निघाला असे समजा. वीजपुरवठा थोडा कमकुवत असला तर असे सहज घडते. मग ज्या १७ ला आपण ८.३ अंश म्हणत होतो त्याचे तापमान होते ७.९७ अंश, म्हणजे मर्यादेच्या आत. मूळ संख्या हाताशी असतील तर सगळा महिना काही क्षणांत पुन्हा मोजता येतो. तक्त्यात फक्त 'मर्यादेबाहेर' एवढाच शेरा ठेवला असेल, तर ती लस खरोखर बाहेर गेली होती की नाही, हे ठरवायला मागे काहीच उरलेले नसते.